गणेशखिंडीतील वास्तू

पुणे शहराच्या वायव्येस टेकड्यांची एक ओळ पसरलेली आहे. चतुःशृंगीची टेकडी याच ओळीत येते. या ओळीत एके ठिकाणी डोंगर खाली झुकतो आणि वाटसरूला वाट करून देतो. जवळच्या गणपतीच्या स्थानावरून या खिंडीला गणेशखिंड असे नाव पडले. खिंडीपलीकडे विस्तीर्ण माळ लागतो. त्या माळावर, आज दाट झाडीने वेढलेली, दगडी बांधणीची एक भव्य इमारत उभी आहे. तिच्या समोरच्या बाजूस कमानींच्या रांगा असून एक उंच मनोरा तिच्या छपरावरून आकाशात चढला आहे.

ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत होय. या विद्यापीठाचा कारभार येथे रुजला आणि येथूनच वाढला. परंतु ही इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नाही. ती बांधली गेली तेव्हा तिच्यात विद्यार्थी येतील, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ज्यांच्या कष्टाच्या पैशातून ती उभी राहिली, त्यांना तिच्या फाटकातून आत जाण्यास सुमारे पाऊणशे वर्षे थांबावे लागले. हे फाटक कसे उघडले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

हा माळ इतिहासाला नवा नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रजांचे सैन्य यांच्यात खडकीची लढाई झाली, ती याच परिसरात. सेनापती बापू गोखले यांचे घोडदळ गणेशखिंडीच्या बाजूने खडकीवर चालून गेले. त्या दिवशी मराठी सैन्याला यश आले नाही. पुढे बाराच दिवसांनी, म्हणजे १७ नोव्हेंबर रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुण्याचे राज्य गेले आणि मुंबई इलाख्याचा गव्हर्नर या मुलखाचा धनी झाला.

मुंबई हे इलाख्याचे मुख्य ठिकाण. परंतु तेथील पावसाळा इंग्रजांना मानवत नसे. पुण्याची हवा त्या मानाने कोरडी व थंड. म्हणून गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईस, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरास आणि पावसाळ्यात पुण्यास राहत. पुण्याच्या मुक्कामासाठी मुळा नदीच्या काठी दापोडी येथे एक बंगला होता. कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला हा बंगला सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत सरकारने विकत घेतला होता. पुढील सुमारे पस्तीस वर्षे गव्हर्नरांचे काम त्या बंगल्यावर भागले.

इ. स. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांना मोठमोठ्या बांधकामांची हौस होती. मुंबईच्या किल्ल्याचा जुना तट पाडून तेथे रुंद रस्ते व नव्या इमारती उभारण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. दापोडीचा बंगला त्यांना इलाख्याच्या प्रमुखास शोभेसा वाटेना. गणेशखिंडीच्या माळावर एक नवे गव्हर्नमेंट हाउस बांधावे, असे त्यांनी ठरविले आणि इ. स. १८६४ मध्ये कामास आरंभ झाला.

त्या वेळी मुंबई इलाख्याच्या हाती पैसा खेळत होता. त्या पैशाचे मूळ सातासमुद्रांपलीकडे होते. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत असत. युद्धामुळे तो कापूस येईनासा झाला, तेव्हा गिरण्यांच्या मालकांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापूस बैलगाड्यांतून आणि नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीतून मुंबईच्या बंदरात येऊ लागला. त्याचे भाव कडाडले. चार वर्षे मुंबईत जणू पैशाचा पाऊस पडत होता. या भरभराटीच्या जोरावर सरकारनेही मोठमोठे बेत आखले. गणेशखिंडीतील वाडा हा त्यांपैकीच एक.

या वाड्याचा आराखडा जेम्स ट्रबशॉ या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने तयार केला. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे एक बेट आहे. त्या बेटावर व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्न हाउस नावाचा प्रासाद आहे. इटलीतील जुन्या वाड्यांच्या धाटणीचा हा प्रासाद, त्याचे उंच मनोरे, त्याच्या ओवऱ्या, ही सर्व रचना ट्रबशॉ याच्या डोळ्यांपुढे होती. राणीच्या घराची छाया तिच्या प्रतिनिधीच्या घरावर पडावी, असा त्यामागील हेतू दिसतो. पाहुण्यांच्या गाड्यांना थेट दारापर्यंत येता यावे म्हणून पुढे भक्कम देवडी, दरबार भरविण्यासाठी प्रशस्त दालन, मेजवान्यांसाठी भोजनगृह, नृत्यासाठी दिवाणखाना आणि फुलझाडांसाठी काचेची ओवरी, असा सारा थाट येथे होता. मनोरा बांधला तो निशाण फडकविण्यासाठी. मनोऱ्यावर निशाण दिसले की गव्हर्नर मुक्कामाला आहेत, हे दूरवरच्या लोकांनाही कळे.

आराखडा परदेशी असला, तरी दगड याच मातीतला होता आणि हातही येथलेच होते. दख्खनच्या पठाराचा काळसर दगड अतिशय कठीण. त्याच्यावर सुबक नक्षी उठविणे सोपे नाही. पाथरवटांनी तो फोडला, घडविला. गवंड्यांनी कमानी रचल्या. सुतारांनी छपरे आणि दारे बसविली. उन्हातान्हात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया-माणसांनी चुना आणि माती चढविली. इतिहासाने वास्तुशिल्पज्ञाचे नाव जपून ठेवले आहे. या हातांची नावे मात्र त्याने जपली नाहीत.

काम चालू असतानाच दैवाचा फासा उलटला. इ. स. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. तिकडचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि मुंबईच्या बाजारातील भाव कोसळले. काल लक्षाधीश असलेले व्यापारी आज दिवाळखोर झाले. कित्येक पेढ्या बुडाल्या. ज्या मुंबई बँकेत सरकारचाही पैसा होता, ती बँकही मोडकळीस आली. तरीही गणेशखिंडीचे काम थांबले नाही. खर्चाचा आकडा मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. या उधळपट्टीबद्दल फ्रिअर यांच्यावर हिंदुस्थानात आणि इंग्लंडातही टीका झाली. वाडा पुरा होण्यापूर्वीच, इ. स. १८६७ मध्ये, त्यांची कारकीर्द संपली आणि ते मायदेशी परतले. इमारतीचे काम पुरे झाले ते इ. स. १८७१ मध्ये.

सरकारी खजिन्यात जो पैसा येई, त्याचा फार मोठा भाग शेतसाऱ्याचा असे. म्हणजेच तो रानात राबणाऱ्या कुणब्याचा पैसा. याच पुणे शहरात राहणारे महात्मा जोतीराव फुले ही गोष्ट सरकारच्या कानी घालीत होते. इ. स. १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला. त्या आयोगापुढे जोतीरावांनी एक निवेदन सादर केले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून गोळा होतो, तेव्हा त्याचा योग्य तो वाटा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. गणेशखिंडीत मेजवान्या झडत असताना खेड्यापाड्यांतील बहुसंख्य मुलांनी पाटी-पेन्सिल पाहिलीही नव्हती. जोतीरावांच्या त्या मागणीला किती आधार होता, हे यावरून ध्यानात येते.

जोतीराव केवळ मागणी करून थांबणारे नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी इ. स. १८४८ मध्येच पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात, मुलींची शाळा सुरू केली होती. मुलींना शिकविणे हे त्या काळी पाप मानले जाई. सावित्रीबाई शाळेत शिकविण्यास निघाल्या की रस्त्यात लोक त्यांना शिव्या देत, त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. तरीही त्यांनी शाळेची वाट सोडली नाही. भिडे यांच्या वाड्यातील त्या लहानशा शाळेचा आणि गणेशखिंडीतील या भव्य वाड्याचा त्या वेळी काहीएक संबंध नव्हता. एक गल्लीतील घर, दुसरे लाटसाहेबाचे. पुढे दोघांची गाठ कशी पडली, हे कळण्यासाठी इ. स. १८९७ या वर्षाकडे वळले पाहिजे.

ते वर्ष पुण्याला फार कठीण गेले. आदल्या वर्षी मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुण्यात येऊन पोहोचली होती. घरोघरी माणसे दगावत होती. साथ आवरण्यासाठी सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याची नेमणूक केली. साथीला आळा घालणे अत्यंत निकडीचे होते, यात शंका नाही. परंतु त्यासाठी जी रीत अवलंबिली गेली, तिने लोकांची मने दुखावली. रोगी शोधण्यासाठी गोरे सैनिक घरात शिरत, देवघर-माजघर यांचा विधिनिषेध बाळगीत नसत, घरातील सामान बाहेर फेकीत. माणसांना घरातून उचलून छावण्यांत नेले जाई. लोकांनी तक्रारी केल्या. वर्तमानपत्रांनी लिहिले. पण दाद लागली नाही.

याच साथीत शहराबाहेर हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी रोग्यांसाठी एक दवाखाना उघडला होता. जोतीराव जाऊन सहा वर्षे लोटली होती आणि सावित्रीबाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते. तरीही त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढवे येथील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर साडेतीन महिनेही झाले नव्हते, तोच गणेशखिंडीतील वाडा दिव्यांनी उजळला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे पूर्ण झाल्याचा तो सोहळा होता. दिनांक २२ जून १८९७. त्या वेळी लॉर्ड सँडहर्स्ट हे गव्हर्नर होते. निमंत्रित पाहुण्यांच्या घोडागाड्या खिंडीतून वाड्याकडे जात होत्या. ज्या शहरात घरोघरी सुतक होते, त्या शहराच्या वेशीवर ही रोषणाई चालली होती. रात्री उशिरा समारंभ आटोपून पाहुणे परतू लागले. रस्त्यात दामोदर आणि बाळकृष्ण हे चाफेकर बंधू दबा धरून बसले होते. त्यांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड ३ जुलै रोजी रुग्णालयात मरण पावला. दामोदर चाफेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पुढील वर्षी त्यांचे बंधू बाळकृष्ण आणि वासुदेव हेही फासावर गेले. एका घरातील तीन तरुण मुलगे अशा रीतीने गेले. गणेशखिंडीचा रस्ता तेव्हापासून त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

राज्यकर्त्यांची वस्ती आणि लोकांची वस्ती यांच्यामध्ये किती मोठी दरी पडली होती, हे त्या रात्री दिसून आले. अंतर मोजले तर काही मैलांचेच होते. पण वाड्यातील माणसांना शहराचे दुःख दिसत नव्हते, आणि शहरातील माणसांना वाड्यात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती.

यानंतरही पन्नास वर्षे गव्हर्नर पावसाळ्यात येथे येत राहिले. देशात मात्र नवे वारे वाहत होते. पुण्यात शिक्षणाची वाढ झपाट्याने होत होती. डेक्कन कॉलेज आणि अभियांत्रिकी महाविद्यालय पूर्वीपासूनच होते. इ. स. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय आणि इ. स. १९१६ मध्ये सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा उगम असलेले न्यू पूना कॉलेज स्थापन झाले. तरीही पुण्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. इ. स. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशीच ही महाविद्यालये जोडलेली होती. अभ्यासक्रम मुंबईत ठरे, परीक्षांचे निर्णय मुंबईत होत, पदवीही मुंबईची मिळे. महाराष्ट्राच्या या भागासाठी निराळे विद्यापीठ असावे, अशी मागणी विद्वानांनी आणि लोकनेत्यांनी धरून ठेवली होती. इ. स. १९४२ मध्ये या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. प्रसिद्ध कायदेपंडित डॉ. मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला.

इ. स. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. बाळासाहेब खेर हे त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि डॉ. जयकर यांच्याकडे पहिले कुलगुरुपद सोपविण्यात आले. १० फेब्रुवारी १९४९ ही तारीख विद्यापीठाचा स्थापनादिन म्हणून पाळली जाते. येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा भरली ती १८४८ मध्ये. विद्यापीठाचा कायदा झाला तो १९४८ मध्ये. दोहोंच्या मध्ये बरोबर शंभर वर्षे आहेत.

विद्यापीठ स्थापन झाले, पण त्याला बसायला जागा नव्हती. आरंभी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातील निजाम अतिथिगृहात त्याचे कार्यालय थाटण्यात आले. इतक्या मोठ्या संस्थेचा संसार अतिथिगृहात फार काळ चालणे शक्य नव्हते. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा वाडा आणि त्याभोवतीची चारशेहून अधिक एकर जमीन विद्यापीठाला द्यावी, असा निर्णय खेर यांच्या सरकारने घेतला. १ जून १९४९ पर्यंत अतिथिगृहात काम केल्यावर विद्यापीठाचे कार्यालय या वाड्यात आले.

हा निर्णय साधा नव्हता. स्वतंत्र देशाच्या नव्या सरकारला हा वाडा स्वतःसाठी ठेवता आला असता. दरबाराचे दालन तयार होते, बागा तयार होत्या, ऐश्वर्य आयते हाती आले होते. परंतु जेथे सत्तेचा दरबार भरत असे, तेथे विद्येचा दरबार भरावा, असे सरकारला योग्य वाटले. तलवारीच्या बळावर मिळालेला तो माळ अशा रीतीने लेखणीच्या स्वाधीन झाला.

त्या दिवसांपासून वाड्यातील पाहुणे बदलले. दरबाराच्या आणि मेजवान्यांच्या दालनांत आता कारकुनांची टेबले आली. फायलींचे गठ्ठे आले. टंकलेखन यंत्रांची टकटक सुरू झाली. एका प्रशस्त दालनाला संत ज्ञानेश्वरांचे नाव देण्यात आले. ज्या ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ संस्कृतातून काढून मराठीत सर्वांसाठी खुला केला, त्यांचे नाव सभागृहाला मिळावे, यात मोठे औचित्य आहे. विद्यापीठाच्या अधिसभेच्या बैठका या सभागृहात होऊ लागल्या. कोणते विषय शिकवावेत, परीक्षा कशा घ्याव्यात, कोठे नवे महाविद्यालय काढू द्यावे, या प्रश्नांवर तेथे खल होऊ लागला. कायद्याप्रमाणे राज्याचे राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात. म्हणजे पूर्वी या घराचा मालक असलेला अधिकारी आता विद्येच्या कामासाठी येथे येऊ लागला.

प्रारंभी या विद्यापीठाच्या कक्षेत पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्हे होते. त्याच्याशी जोडलेली महाविद्यालये अवघी अठरा आणि विद्यार्थी सुमारे आठ हजार होते. डॉ. जयकर यांनी आठ वर्षे कुलगुरुपद सांभाळून या रोपट्याला आकार दिला. त्यांच्यानंतर गणिताचे थोर पंडित रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. कोकणातील मुर्डी या खेड्यात जन्मलेल्या परांजपे यांनी इ. स. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविला होता. पुढे इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीही हे पद भूषविले. लाटसाहेबांच्या घरात आता विद्वान वडीलधारे बसले होते.

विद्यापीठाचा कारभार म्हणजे काय, हे बाहेरून पाहणाऱ्यास सहसा कळत नाही. वर्गात शिक्षक शिकवितात, ते दिसते. प्रयोगशाळेत संशोधक काम करतात, तेही दिसते. परंतु एखाद्या आडगावच्या महाविद्यालयातील मुलाचा अर्ज येतो, त्याची नोंद होते, परीक्षेला त्याला क्रमांक मिळतो, उत्तरपत्रिका तपासली जाते, गुण मांडले जातात आणि शेवटी त्याच्या हाती पदवी पडते. या साखळीतील एकही कडी निखळून चालत नाही. आकडा चुकला, तर एका मुलाचे वर्ष वाया जाते. नोंद हरवली, तर कोणाची नोकरी हुकते. कार्यालयातील काम गाजावाजाचे नसते, पण हजारो घरांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. जे नाव पूर्वी केवळ शेतसाऱ्याच्या वहीत लिहिले जाई, त्याच घराण्यातील मुलाचे आणि मुलीचे नाव आता पदवीधरांच्या यादीत लिहिले जाऊ लागले. जोतीरावांची मागणी प्राथमिक शिक्षणाची होती. तिचे फळ पुढे उच्च शिक्षणाच्या या दारापर्यंत येऊन पोहोचले.

काळाबरोबर विद्यापीठाची कक्षा बदलत गेली. इ. स. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दक्षिणेकडील जिल्हे तिकडे गेले. इ. स. १९९० मध्ये जळगाव येथे निराळे विद्यापीठ झाले. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसे हे झाले. जिल्हे कमी झाले तरी विद्यार्थ्यांची संख्या वाढतच राहिली. वाड्याभोवतीच्या माळावर एकामागून एक विभाग उभे राहिले. डॉ. जयकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय झाले. इ. स. १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणारी ‘आयुका’ ही संस्था याच आवारात स्थापन झाली.

मुख्य इमारत मात्र थकत चालली होती. दगड टिकतो, पण छपरातून पाणी ठिबकते, लाकडाला कीड लागते, आतील भिंती ओल धरतात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिचा जीर्णोद्धार करण्यात आला. गव्हर्नरांची वास्तू म्हणून ती पाडून टाकावी, असे कोणी म्हटले नाही. तिच्यात आपल्या लोकांचे कष्ट आहेत, आपले दुःख आहे आणि आपली विद्याही आहे, हे लोकांनी ओळखले होते.

इ. स. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. इ. स. २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या बाईंनी शेणमाती झेलून मुलींना अक्षरे शिकविली, ज्या बाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मृत्यू पावल्या, त्यांना या वाड्याचे निमंत्रण त्यांच्या हयातीत मिळणे शक्यच नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांच्या आतच या वाड्यात दिव्यांची आरास झाली होती. आज त्या आरासीतील पाहुण्यांची नावे फारशी कोणाला आठवत नाहीत. या वास्तूत राहून गेलेल्या अनेक गव्हर्नरांची नावेही शोधूनच काढावी लागतात. सावित्रीबाईंचे नाव मात्र येथून मिळणाऱ्या प्रत्येक पदवीवर छापलेले असते.

या विद्यापीठाच्या बोधवाक्याचा आशय असा आहे की, जो ज्ञान कृतीत उतरवितो तोच खरा पंडित. सावित्रीबाईंच्या जीवनाला हा आशय तंतोतंत लागू पडतो. इमारतीचे मोठेपण तिच्या मनोऱ्याच्या उंचीवरून ठरत नाही. तिच्या दाराशी आलेल्या माणसाला आत काय मिळते, यावरून ते ठरते. गणेशखिंडीतील मनोरा बांधून झाला तेव्हाही तेवढाच उंच होता, जेवढा आज आहे. पण आज त्याच्याखालून मुले आणि मुली हातात पुस्तके घेऊन ये-जा करतात. वाड्याचे ते फाटक आता सर्वांसाठी उघडे आहे.

स्वाध्याय

१. गणेशखिंडीतील वाडा बांधण्यास पैसा कोठून आला? अमेरिकेतील युद्धाचा त्याच्याशी काय संबंध होता?
२. जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे कोणती मागणी मांडली? ती का मांडली?
३. इ. स. १८९७ मधील मार्च आणि जून या दोन महिन्यांत पुण्यात कोणत्या घटना घडल्या? त्या एकमेकींशेजारी ठेवल्या असता काय जाणवते?
४. ‘तलवारीच्या बळावर मिळालेला तो माळ लेखणीच्या स्वाधीन झाला’, या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : देह ठेवणे, दाद लागणे, खल होणे, कौल देणे.
६. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : राज्यारोहण, पाटी-पेन्सिल, लक्षाधीश, शेणमाती.
७. तुमच्या गावातील एखादी जुनी इमारत पाहा. ती कोणी बांधली, पूर्वी तिचा उपयोग कशासाठी होई आणि आज कशासाठी होतो, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून पंधरा ओळी लिहा.